घरचा कर्ता माणूस अचानक अंथरुणाला खिळला. तुम्ही पहिले महिने कसे काढलेत? (सांगली)

निशिगंधा

नमस्कार. इथे मी कित्येक वर्षं नुसतीच वाचत आले, लिहायची वेळ आज आली.

जानेवारीत माझ्या यजमानांना पक्षाघाताचा झटका आला. वय ४८. सकाळी शर्टाची बटणं लावता लावता उजवा हात गळून पडला, तोंड एका बाजूला ओढलं गेलं. मला हाक मारायला गेले तर नुसता घोगरा आवाज निघाला. शेजारच्या दादांनी गाडी काढली, मिरजेला वेळेत पोहोचलो, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन मिळालं. जीव वाचला. पण उजवी बाजू लुळी आहे आणि बोलणं गेलंय. डॉक्टर त्याला वाचाघात म्हणतात. समोरच्याचं कळतं, पण तोंडातून शब्द येत नाही.

आमची मार्केट यार्डात हळदीची अडत आहे, सासऱ्यांच्या वेळेपासून. आणि हे झालं ते ऐन सौद्यांच्या तोंडावर. कुठल्या शेतकऱ्याला किती उचल दिली, कुठल्या खरेदीदाराकडून किती येणं आहे, हे थोडं वहीत असतं आणि बाकीचं ह्यांच्या डोक्यात. दिवाणजी सचोटीचे आहेत, पण चेकवर सही कोण करणार? मुलगी दहावीला, सासूबाईंचे गुडघे धरलेले.

माणसं येतात, बसतात, चहा घेतात. उठताना प्रत्येक जण म्हणतो, "काही लागलं तर सांग बरं का." तेव्हा काही म्हणजे काही सुचत नाही. रात्री पाठ टेकली की एकेक आठवायला लागतं. आणि सगळ्यात जास्त सलतं ते हे की लोक ह्यांच्या पलंगापाशी बसून, ह्यांच्या देखत मला विचारतात, "आता ह्यांचं पुढं काय?" ह्यांना सगळं ऐकू येतं. डोळे भरतात आणि भिंतीकडे वळतात.

"सगळं ठीक होईल" हे खूप जणांनी सांगून झालंय, त्यामागची माया कळते. मला हवंय ते वेगळं. ज्यांच्या घरात असं होत्याचं नव्हतं झालंय, त्यांनी दिवस कसे काढले, आधी कशाला हात घातला, कशाचा उपयोग झाला?

हरिपूरकर

ताई, वाचून पोटात कालवलं. आमच्या घरात आजार नव्हता, पाणी होतं, तरी सांगतो.

२००५ च्या पुरात आमच्या हळद साठवायच्या पेवांत पाणी गेलं. आमच्या हरिपूरची पेवं तुम्हाला सांगायला नकोत, तुम्ही हळदीतल्याच. जमिनीखाली वर्षानुवर्षं न किडता राहणारी हळद कुजून गेली. पेवंही ढासळली, ती पुन्हा वापरात आलीच नाहीत. पुढं २०१९ ला सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा घरही गेलं पाण्यात. धोक्याची पातळी ४५ ची, म्हणजे किती ते बघा.

पाणी ओसरल्यावर मदत खूप आली. बिस्किटं, चादरी, जुने कपडे, ट्रकच्या ट्रक. देणाऱ्यांचे उपकारच आहेत. पण मला आजही आठवतात ती इस्लामपूरकडची पाच-सहा पोरं. त्यांनी काही विचारलं नाही. फावडी घेऊन आली आणि "काका, कुठल्या खोलीपासून सुरुवात करू?" म्हणाली. संध्याकाळपर्यंत स्वयंपाकघराची फरशी दिसायला लागली. फरशी दिसल्यावर बायकोनं चूल मांडली आणि आम्हाला वाटलं, आता राहता येईल इथं.

म्हणून सांगतो, "काही लागलं तर सांगा" म्हणणाऱ्याला रिकाम्या हातानं पाठवू नका. एक वही करा. सकाळी सुचेल ते काम लिहा. गोळ्या आणायच्या, लाईट बिल भरायचं, मुलीला क्लासवरून आणायचं, गॅसचा नंबर लावायचा. कोणी विचारलं की वही पुढं करायची आणि म्हणायचं, यातलं एक घ्या. लोकांना मनापासून करायचं असतं, काय करावं ते त्यांना उमगत नाही. संकोच करू नका. आपण दुसऱ्याच्या अडचणीला धावतोच की.

फिजिओ_मिरज

मी या क्षेत्रात काम करते, म्हणून थोडं विस्तारानं.

उजवी बाजू आणि वाचा एकदम जाते तेव्हा मार बहुतेक मेंदूच्या डाव्या भागाला बसलेला असतो. सुधारणा पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सगळ्यात वेगानं होते, म्हणून हे महिने वाया घालवू नका. पण सहा महिने झाले म्हणजे दार बंद, असंही समजू नका. वर्षानंतरही हात थोडा थोडा उघडलेली माणसं मी पाहिली आहेत.

घरात सगळ्यांना बजावा: उठवताना लुळा हात धरून ओढायचा नाही. खांद्याला आधार देणारे स्नायूच ढिले पडलेले असतात, खांदा निखळतो आणि ते दुखणं महिनोन्महिने पुरतं. बसवताना तो हात उशीवर ठेवा. पाणी पिताना ठसका लागत असेल तर डॉक्टरांना लगेच सांगा, पाणी श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. पडून असतील तेव्हा दर दोन तासांनी कूस बदला.

बोलण्याबद्दल: वाचा गेली म्हणजे बुद्धी गेली असं नाही. एका वेळी एकच प्रश्न विचारा, ज्याचं उत्तर मान हलवून देता येईल असा. "जेवायला काय करू" असं विचारण्यापेक्षा "भात हवा का?" विचारा. मग थांबा. आपण थांबत नाही, दोन सेकंदांत त्यांचं वाक्य आपणच पुरं करतो. त्यांना मोठ्यानं ओरडून सांगायची गरज नाही, कान शाबूत आहेत. वाचा-उपचार देणारे तज्ज्ञ मिरजेत आहेत, त्यांच्याकडे लवकरात लवकर सुरुवात करा.

आणि एक करून बघा. एक ते दहा आकडे किंवा गणपतीची आरती त्यांच्याबरोबर म्हणा. ज्यांना बायकोचं नाव घेता येत नाही, त्यांच्या तोंडून कधी कधी पाठ असलेली आरती येते. लहानपणापासून घोळलेलं बोलणं मेंदूत जरा वेगळ्या वाटेनं येतं. घरचे दचकतात, रडतात. पण यावरून "मुद्दाम बोलत नाहीत" असा अर्थ कोणी काढू नये.

दत्तदास

ताई, औदुंबरला जाऊन दत्त महाराजांना साकडं घाला. माझ्या मामांना असंच झालं होतं, अनुष्ठानानं खूप फरक पडला. शिवाय लकव्यावर कबुतराच्या रक्तानं चोळतात, आमच्याकडे एक जण करतात. पत्ता हवा असल्यास सांगतो. चार ठिकाणी प्रयत्न केलेला बरा.

फिजिओ_मिरज

दादा, औदुंबरला जरूर जावं, माझेही आईवडील जातात. पण कबुतराचं रक्त चोळून पक्षाघात बरा होत नाही. आमच्याकडे असे रुग्ण येतात ज्यांचे सुरुवातीचे आठवडे यात गेलेले असतात, रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या बंद केलेल्या असतात आणि दुसरा झटका येऊन गेलेला असतो. गोळ्या आणि व्यायाम कोणाच्याही सांगण्यावरून थांबवायचे नाहीत, एवढं मी हात जोडून सांगते.

कराडकर_बँकवाला

मी नोकरीच्या बाजूनं सांगतो, कारण अशा घरात औषधाइतकीच कागदांची निकड असते आणि ती कोणी बोलून दाखवत नाही.

पहिलं म्हणजे साहेबांचा मोबाईल नंबर चालू ठेवा. रिचार्ज संपू देऊ नका. बँक, जीएसटी, आधार, सगळ्यांचे ओटीपी त्याच नंबरवर येतात. तो नंबर गेला की पुढची सगळी कामं अडतात.

सहीचं. उजवा हात चालत नसेल तर आजारी खातेदाराच्या अंगठ्यावर पैसे काढता येतात, दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. तशी सूचना रिझर्व्ह बँकेनं सगळ्या बँकांना दिलेली आहे. शाखेत नेणं शक्य नसेल तर व्यवस्थापकांना भेटून घरी येण्याची विनंती करा. डाव्या हातानं सही जमायला लागली तर नव्या सहीचा नमुना देता येतो.

रोजच्या व्यवहारासाठी मुखत्यारपत्र करून घ्या. दुय्यम निबंधक कार्यालयात अर्ज दिला तर आजारी माणसासाठी ते घरी येऊन नोंदणी करतात. सोबत डॉक्टरांचा दाखला जोडा की यांना समजतं, यांचा निर्णय यांचाच आहे. हा दाखला महत्त्वाचा, कारण वाचा नाही म्हटल्यावर लोक समजच नाही असं धरून चालतात. अडतीचा परवाना एकट्यांच्या नावावर असेल तर बाजार समितीत जाऊन विचारा, आणि जीएसटीला अधिकृत स्वाक्षरीकर्ता म्हणून तुमचं नाव लावून घ्या.

प्रधानमंत्री जीवनज्योती विम्याचे पैसे (वर्षाला ४३६ रुपये) खात्यातून कापले जात असतील तर खात्यात शिल्लक ठेवा, विमा खंडित होऊ देऊ नका. आणि प्रत्येक खात्याला, ठेवीला नॉमिनी नेमलाय का ते बघा. बोलायला अवघड विषय आहे, माणूस समोर असताना अभद्र वाटतो. पण आमच्या काउंटरला रडत येणाऱ्या बायका पाहिल्या की वाटतं, हे प्रत्येक घरानं बरं असतानाच करावं.

भिलवडीचा_मुलगा

मी दुसऱ्या बाजूनं लिहितो. माझ्या वडिलांना हेच झालं तेव्हा मी अकरावीत होतो.

घरात सगळे मला म्हणायचे, "तू अभ्यास कर, बाकीचं आम्ही बघतो." मी खोलीत बसायचो आणि बाहेर कुजबुज सुरू असायची. कान सगळे तिकडेच. काय झालंय, पप्पा पुन्हा चालणार का, पैसे आहेत का, मला कोणी काही सांगितलं नाही. मी मनातल्या मनात खऱ्यापेक्षा खूप वाईट काहीतरी धरून बसलो होतो.

मग माझ्या आत्यानं एक दिवस मला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं, बँकेत किती आहेत तेसुद्धा. आणि एक काम माझ्या गळ्यात घातलं: संध्याकाळी एक दिवसाआड पप्पांची दाढी करायची आणि त्यांना पेपर वाचून दाखवायचा. त्या दाढीच्या वेळात आमचं जे नातं झालं ते त्याआधी नव्हतं. ते मला आरशातून खुणा करायचे, कानशिलापाशी राहिलंय म्हणून. ताई, मुलीला दहावी आहे म्हणून घराबाहेर ठेवल्यासारखं ठेवू नका. तिला खरं सांगा आणि तिच्या बाबांसाठी एखादं छोटं काम तिचं एकटीचं असू द्या.

दुसरं, तुम्ही पलंगाशेजारच्या बोलण्याचं लिहिलंय. आमच्या पप्पांना थोडं बोलता यायला लागल्यावर त्यांनी पहिल्यांदा जे सांगितलं त्यात हेच होतं, की माझ्यादेखत माझ्याबद्दल बोलत होते ते मला सहन होत नव्हतं.

निशिगंधा

तुम्हा सगळ्यांचं उत्तर एकेक करून वाचलं, काही भाग सासूबाईंना वाचून दाखवला. हरिपूरकर काका, वही केली. पहिलं काम माझ्या चुलत जावेनं उचललं, आठवड्यातून दोन दुपारी ती येऊन बसते, मी यार्डात जाते. तिलाही बरं वाटलं असं दिसलं, कारण आता ती येताना अवघडलेली नसते.

आता जे घडलं ते सांगते. फिजिओ ताईंनी लिहिलं त्याप्रमाणे मी ह्यांना हो-नाहीचे प्रश्न विचारायला लागले. मग दिवाणजींना म्हटलं, सौद्याला आलेल्या मालाचे नमुने घरी आणा. त्यांनी पाच पिशव्या आणल्या, पलंगावरच्या टेबलावर वाट्यांत ओतल्या. ह्यांनी डाव्या हातानं एकेक हळकुंड उचललं. मोडायला दोन हात लागतात, म्हणून दिवाणजींनी मोडून मोडलेली बाजू समोर धरली. ह्यांनी आतला रंग बघितला, नखानं खरवडून बघितलं, वास घेतला, आणि वाट्या लावल्या, चांगल्यापासून हलक्यापर्यंत. दिवाणजी माझ्याकडे बघायला लागले. त्यांनी मनात लावलेला क्रम हाच होता, फक्त एक वाटी सोडून. आणि त्या वाटीच्या बाबतीत ह्यांचं बरोबर निघालं, माल आतून ओलसर होता.

तेव्हापासून रोज संध्याकाळी नमुने घरी येतात. उधारीची वही घेऊन बसतो. मी नाव वाचते, "पाच हजार? दहा? पंधरा?" ह्यांनी मान हलवली की लिहिते. एका नावावर आल्यावर ह्यांनी जोरजोरात मान हलवली, मला कळेना. बऱ्याच खटपटीनंतर उलगडलं की त्या शेतकऱ्याच्या मुलीचं लग्न आहे आणि ह्यांनी त्याला थांबायचा शब्द दिलाय. मी तगादा लावला असता तर ह्यांचा शब्द मोडला असता.

पाहुण्यांचंही केलं. आता कोणी आलं की मी म्हणते, "ह्यांनाच विचारा, हो-नाही सांगतात." पहिल्यांदा लोक बिचकतात. मग जमतं. आणि आरती आली. अडखळत, पण आली. सासूबाई देव्हाऱ्यासमोरून उठल्याच नाहीत कितीतरी वेळ.

दत्तदास दादा, औदुंबरला जाऊन आले. घाटावर थोडा वेळ बसले, मन हलकं झालं. चोळण्याचं मात्र करणार नाही.

एक विचारायचं राहिलं. मधूनच ह्यांचं सगळ्यातलं लक्ष उडतं, जेवण नको, व्यायाम नको, भिंतीकडे तोंड. हे आजाराचं की मनाचं?

फिजिओ_मिरज

नमुन्यांचं वाचून फार आनंद झाला. आम्ही व्यायामशाळेत खुंट्या लावायला देतो, तुम्ही त्यांना त्यांचं खरं काम दिलंत.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: दोन्ही असू शकतं. पक्षाघातानंतर साधारण तीनातल्या एकाला नैराश्य येतं. मेंदूतल्या बदलांमुळंही येतं आणि परिस्थितीमुळंही. भूक, झोप, व्यायाम यांवर दोन आठवड्यांहून जास्त परिणाम दिसला तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा, त्यावर औषध आहे. मनाला लावून घेतलंय, आपोआप जाईल, असं म्हणून सोडू नका, कारण माणूस खचला की व्यायाम थांबतो आणि सुधारणाही थांबते.

आणि तुमचं काय? टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे. मोफत, दिवसरात्र, मराठीतून बोलतात. आजारी माणसासाठीच नाही, त्याला सांभाळणाऱ्यासाठीही आहे.

सुनंदा_वाळवा

मला फार लिहाया येत न्हाई, लेकीला सांगून टाइप करतीया.

माझं मालक ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरखाली गेलं. मी सत्तावीस वर्षांची, पदरात दोन लेकरं. ताई, तुमचं माणूस समोर हाय, ही मोठी गोष्ट हाय. राग मानू नगा, मी तुमचं दुःख कमी लेखत न्हाई.

माझ्याकडं कुणी वही घिऊन आलं न्हाई. आमच्या बचत गटातल्या बायका आल्या. त्यांनी आपसात पाळ्या लावल्या, सोमवार हिचा, मंगळवार तिचा, भाकरी-कालवण दारात यायचं. मी रडत बसले तर बसू दिलं, पर लेकरं उपाशी ऱ्हायली न्हाईत. मग गटाच्या अध्यक्षा मला तलाठ्याकडं घिऊन गेल्या. वारस नोंदीला दीर आडवं आलं. "तुला काय करायचाय सातबारा" म्हणले. त्या बाईनं तिथंच सांगितलं, कायद्यानं जेवढं हाय तेवढं तिच्या नि लेकरांच्या नावावर चढवा. चढलं. कारखान्यात ऊसाची नोंद माझ्या नावावर झाली तवा मी पहिल्यांदा पोटभर जेवले.

दुसरं सांगते. मालक गेलं त्या दिवशी माझ्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. त्याचा घाव मालक गेल्याच्या घावापरीस वेगळा हाय. २०२२ साली आमच्यापासनं जवळ, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं ठराव केला की ह्या प्रथा बंद. ती बातमी आली तवा मी टिकली लावली. आमच्या आत्याबाईनं बघितलं आणि काय बोलल्या न्हाईत. आता हळदीकुंकवाला आमच्या गल्लीत मला पण बोलवत्यात. ज्यांच्या घरात माणूस गेलंय त्यांनी त्या बाईला समारंभातनं वगळू नगा, एवढंच माझं मागणं हाय.

निशिगंधा

सुनंदाताई, राग कसला. तुमचं लिहिणं वाचून सासूबाई म्हणाल्या, "हिला सांग, हळद लागली तर आपल्याकडून ने." खरंच या. आणि यंदा आमच्या घरच्या हळदीकुंकवाचं पहिलं आमंत्रण तुम्हाला.

जतची_माहेरवाशीण

हा धागा वाचून हिंमत करून लिहिते. माझ्या बहिणीच्या नवऱ्याला मागच्या आठवड्यात शेतात साप चावला, दवाखान्यात नेईपर्यंत गेले. शेती त्यांच्याच नावावर आहे. बहीण कोणाशी बोलत नाही. मी माहेरी जतला आहे, ती आटपाडीकडे. नक्की कुठून सुरुवात करायची?

कराडकर_बँकवाला

ताई, आधी तुमच्या बहिणीला माझा नमस्कार.

शेतकऱ्याच्या अपघाती मृत्यूसाठी राज्य सरकारची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. सर्पदंश त्यात येतो, रक्कम दोन लाख. अर्ज तालुका कृषी अधिकारी कार्यालयात द्यायचा आणि मुदत तीस दिवसांची आहे, म्हणून हे काम आधी. सातबारा, मृत्यूचा दाखला, पोलिसांचा पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, वारसांचे कागद, हे गोळा करायला लागा. गावातले सहायक कृषी अधिकारी (पूर्वीचे कृषी सहायक) अर्जाला मदत करतात, त्यांना गाठा. पोलिसांत नोंद झालीय का ते आजच विचारा.

सुनंदा_वाळवा

तिला बोलतं करायला जाऊ नगा इतक्यात. लेकरं किती हायती? त्यांच्या जेवणाचं कोण बघतंय? आटपाडीत आमच्या गटाच्या ओळखीच्या बायका हायती. गाव सांगा, मी उद्या फोन लावते.

जतची_माहेरवाशीण

दोन मुलं आहेत, सहा आणि नऊ वर्षांची. पंचनामा झालाय, शवविच्छेदनही झालंय. ताई, तुम्हाला व्यक्तिगत निरोपात गावाचं नाव पाठवते.

हरिपूरकर

कृषी कार्यालयात जायला बरोबर कोणी पुरुषमाणूस किंवा जाणतं माणूस हवं असेल तर मी येतो. गाडी आहे, वेळ आहे. दिवस तेवढा कळवा.